वेस्ट ब्रॉमविच अल्बियन : या क्लबचा सर्वांत मोठा खेळाडू कोणाला मानावे?

निळापांढरा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इंग्लिश फुटबॉलवरच्या आपल्याकडच्या चर्चा बहुतेक वेळा मँचेस्टर, लिव्हरपूल आणि लंडन यांच्या पलीकडे जात नाहीत. मी गेली अकरा वर्षे बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला स्मेदिक भागात राहतो. घरातून चालत निघालो की अर्ध्या तासाच्या आत वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचे 'हॉथॉर्न्स' हे मैदान लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे १६८ मीटर उंचीवर असलेले हे मैदान इंग्लंडच्या व्यावसायिक क्लबांच्या मैदानांत सर्वांत उंच आहे, आणि जानेवारीत तिथे बोचणारा वारा कसा असतो हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

हा क्लब १८७८ साली सॉल्टर यांच्या स्प्रिंगच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला. १८८८ साली सुरू झालेल्या फुटबॉल लीगच्या बारा संस्थापक क्लबांमध्ये तो होता. त्याच्या नावावर लीगचे विजेतेपद एकच आहे (१९१९-२०), एफए चषक (इंग्लंडची जुनी बाद पद्धतीची स्पर्धा) मात्र पाच आहेत : १८८८, १८९२, १९३१, १९५४ आणि १९६८. अलीकडे हा क्लब कधी पहिल्या श्रेणीत तर कधी दुसऱ्या श्रेणीत असतो, त्यामुळे आपल्याकडच्या नव्या पिढीला त्याचे नाव फारसे ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. म्हणूनच हा धागा काढतो आहे. या क्लबच्या सगळ्या इतिहासातून एकच खेळाडू निवडायचा झाला, तर तो कोण असावा आणि का?

माझे उत्तर जेफ अ‍ॅस्टल हे आहे.

मैदानाच्या बर्मिंगहॅम रोडकडच्या बाजूला लोखंडी फाटक आहे, त्यावर अ‍ॅस्टलची आकृती आहे. नॉटिंगहॅमशरमधल्या ईस्टवुड या खाणकामगारांच्या गावात १९४२ साली जन्मलेल्या या मुलाला अल्बियनने १९६४ साली नॉट्स काउंटीकडून २५,००० पौंडांना घेतले. पुढच्या दहा वर्षांत त्याने ३६१ सामन्यांत १७४ गोल केले. प्रेक्षक त्याला 'राजा' म्हणत, आणि आजही म्हणतात. १९६७-६८ च्या एफए चषकात त्याने प्रत्येक फेरीत गोल केला. १८ मे १९६८ रोजी वेम्बलीवर एव्हर्टनविरुद्धचा अंतिम सामना नव्वद मिनिटांनंतरही गोलशून्य होता. जादा वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला अ‍ॅस्टलने उजव्या पायाने मारलेला फटका एव्हर्टनच्या खेळाडूला लागून परत त्याच्याकडेच आला, आणि दुसऱ्यांदा त्याने तो डाव्या पायाने मारला. डावा पाय हा त्याचा कमजोर पाय. चेंडू थेट जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात गेला आणि चषक अल्बियनकडे आला. ब्रिटनमध्ये रंगीत दूरचित्रवाणीवर थेट दाखवलेला हा पहिला एफए चषक अंतिम सामना होता. अल्बियनने त्या दिवशी नेहमीचे निळे-पांढरे पट्टे सोडून पांढरा सदरा, पांढरी चड्डी आणि लाल मोजे घातले होते.

परंतु अ‍ॅस्टलची खरी ओळख पायाने मारलेल्या गोलांची नव्हे, डोक्याने मारलेल्या गोलांची होती, आणि माझ्या निवडीचे कारणही तेच आहे. त्याबद्दल पुढे लिहीनच. आधी तुमची मते वाचायला आवडतील.

आकडेमोड

धागा उत्तम काढला आहे, पण निवड मला मान्य नाही. अ‍ॅस्टलच्या शेजारीच खेळणाऱ्या टोनी ब्राउनला बाजूला ठेवून दुसऱ्या कोणाचे नाव कसे घेता येईल?

नुसते आकडे पाहावेत. ब्राउन अल्बियनसाठी ७२० सामने खेळला आणि त्याने २७९ गोल केले. सर्वाधिक सामने आणि सर्वाधिक गोल, क्लबचे हे दोन्ही विक्रम एकाच माणसाच्या नावावर आहेत. बहुतेक क्लबांमध्ये हे दोन विक्रम वेगवेगळ्या माणसांकडे असतात, कारण सर्वाधिक सामने खेळणारा सहसा बचावपटू किंवा गोलरक्षक असतो आणि सर्वाधिक गोल करणारा आघाडीवीर. ब्राउन यांपैकी काहीच नव्हता. तो मुळात मागून धावत येणारा खेळाडू. बचावफळीचे सगळे लक्ष अ‍ॅस्टलच्या डोक्याकडे असताना हा मागून यायचा आणि सुटलेला चेंडू जमिनीला टेकायच्या आत जाळ्यात मारायचा. फटक्यातल्या जोरामुळे त्याला 'बॉम्बर' म्हणत.

सप्टेंबर १९६३ मध्ये इप्सविचविरुद्ध तो पहिल्यांदा पहिल्या संघातून खेळला, तेव्हा त्याचा अठरावा वाढदिवस पाच दिवसांवर होता, आणि त्याच सामन्यात त्याने गोल केला. १९६९-७० मध्ये पहिल्या श्रेणीत सर्वाधिक म्हणजे २५ गोल अ‍ॅस्टलने केले, त्याच्या पुढच्याच हंगामात सर्वाधिक म्हणजे २८ गोल ब्राउनने केले. एकाच क्लबच्या दोन खेळाडूंनी लागोपाठ दोन वर्षे हा मान मिळवावा, हे फार दुर्मीळ आहे. मात्र अ‍ॅस्टल इंग्लंडकडून पाच सामने खेळला, आणि ब्राउनच्या वाट्याला १९७१ साली वेल्सविरुद्धचा एकच सामना आला. ही रुखरुख मला आजही वाटते.

माझ्या मते ब्राउनचा सर्वांत मोलाचा गोल २४ एप्रिल १९७६ चा आहे. अल्बियन तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता, आणि वर जायचे तर शेवटचा सामना जिंकणे भाग होते. सामना ओल्डहॅमला होता, आणि ब्राउनचा जन्म ओल्डहॅमचाच. त्याच्या एकमेव गोलावर अल्बियन जिंकला आणि पहिल्या श्रेणीत परतला. पुढच्या काही वर्षांत या क्लबने जो देखणा खेळ केला, त्याची दारे त्या गोलाने उघडली. २०१४ मध्ये मैदानाबाहेर ब्राउनचा पुतळा उभारला गेला, तो मला सर्वस्वी योग्य वाटतो.

जुने_पान

दोघांनीही १९६० नंतरचीच नावे घेतली आहेत. क्लबच्या आयुष्याचा निम्म्याहून अधिक भाग त्याआधीचा आहे, म्हणून तिकडची काही नावे मांडतो.

बिली बॅसेट वेस्ट ब्रॉमविचचाच मुलगा. १८८८ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात उजव्या बगलेवर खेळला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. समोर प्रेस्टन नॉर्थ एंडचा बलाढ्य संघ होता. प्रेस्टनच्या मंडळींनी सामन्याआधीच चषकासोबत छायाचित्र काढू देण्याची विनंती केली होती, अशी गोष्ट तिथे आजही सांगितली जाते. अल्बियनच्या संघातले अकराही जण इंग्लिश होते आणि त्यांनी सामना २-१ असा जिंकला. पुढे बॅसेट क्लबचा संचालक झाला, आणि १९०८ पासून मरेपर्यंत अध्यक्ष राहिला. एप्रिल १९३७ मध्ये तो वारला, त्यानंतर दोनच दिवसांनी अल्बियनचा एफए चषकाचा उपांत्य सामना होता, आणि तोही प्रेस्टनशीच. शोकात बुडालेला संघ ४-१ असा हरला.

तरीही माझी निवड बॅसेट नाही, जेसी पेनिंग्टन आहे. हा डावा बचावपटू इंग्लंडकडून २५ सामने खेळला, आणि १९१९-२० मध्ये क्लबने आपले एकमेव लीग विजेतेपद मिळवले तेव्हा तोच कर्णधार होता. त्या हंगामात अल्बियनने १०४ गोल केले, त्यांतले ३७ एकट्या फ्रेड मॉरिसचे. पण पेनिंग्टनचे मोठेपण मला दोन वेगळ्याच प्रसंगांत दिसते.

पहिला प्रसंग १९१२ चा आहे. एफए चषकाचा अंतिम सामना बरोबरीत सुटला म्हणून शेफील्डला पुन्हा खेळवला गेला. जादा वेळ संपत आलेली असताना बार्न्स्लीचा टफनेल चेंडू घेऊन सुटला. पेनिंग्टन त्याला पाडू शकला असता. पाडले असते तर फार तर फ्री किक मिळाली असती, कारण प्रसंग पेनल्टीच्या चौकटीबाहेरचा होता, आणि त्या काळात अशा चुकीसाठी खेळाडूला सहसा मैदानाबाहेर काढतही नसत. त्याने पाडले नाही. टफनेलने गोल केला आणि चषक बार्न्स्लीला गेला.

दुसरा प्रसंग पुढच्याच वर्षीचा. नोव्हेंबर १९१३ मध्ये एव्हर्टनविरुद्धच्या सामन्याआधी एक माणूस पेनिंग्टनला भेटला. अल्बियन जिंकला नाही तर प्रत्येक खेळाडूला पाच पौंड, असा त्याचा प्रस्ताव होता. पेनिंग्टनने होकार दिल्याचे दाखवले आणि सगळा प्रकार क्लबला कळवला, क्लबने पोलिसांना. सामना १-१ असा सुटला, तो माणूस पैसे घेऊन आला आणि तिथेच पकडला गेला. त्याला पाच महिन्यांची शिक्षा झाली. त्या काळी खेळाडूची कमाई किती तुटपुंजी होती हे लक्षात घेतले, तर या प्रामाणिकपणाची किंमत कळते. सामने आधीच ठरवण्याची प्रकरणे आपण क्रिकेटमध्ये पाहिली आहेत, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या या बचावपटूविषयी मला मनापासून आदर वाटतो.

मध्यरेषा

जुने_पान यांचा प्रतिसाद वाचून फार बरे वाटले. पेनिंग्टनची दुसरी गोष्ट मला ठाऊक नव्हती.

त्यांच्या यादीत मी डब्ल्यू. जी. रिचर्डसनची भर घालतो. १९३१ च्या अंतिम सामन्यात शेजारच्या बर्मिंगहॅमविरुद्ध दोन्ही गोल त्याचेच होते, आणि त्याच हंगामात संघ दुसऱ्या श्रेणीतून वर चढला. एफए चषक आणि बढती एकाच हंगामात मिळवणारा दुसरा क्लब नाही. संघात आणखी एक विल्यम रिचर्डसन होता, म्हणून याच्या तांबूस केसांवरून 'जिंजर'चे जी हे अक्षर त्याच्या नावात घातले गेले.

आणि रॉनी अ‍ॅलन. १९५४ च्या अंतिम सामन्यात प्रेस्टन २-१ ने पुढे असताना अल्बियनला पेनल्टी मिळाली, आणि ती अ‍ॅलनला घ्यायची होती. दुसऱ्या टोकाला अल्बियनचा गोलरक्षक जिम सँडर्स पाठ फिरवून उभा होता, त्याला ते पाहवत नव्हते. अ‍ॅलनने बरोबरी साधली, शेवटच्या मिनिटांत फ्रँक ग्रिफिनने तिसरा गोल केला. ज्याच्याकडून प्रेस्टनला सर्वाधिक आशा होती, त्या टॉम फिनीला कर्णधार लेन मिलार्डने दिवसभर डोके वर काढू दिले नाही.

पण अ‍ॅलनचे क्लबवरचे सर्वांत मोठे उपकार मी वेगळ्याच गोष्टीत मानतो. १९७७ साली तो अल्बियनशी पुन्हा जोडला गेला तेव्हा त्याने हेझ नावाच्या अर्धव्यावसायिक क्लबचा एक तरुण आघाडीवीर हेरला. तो तरुण इलेक्ट्रिशियनचे काम करत होता. संचालक मंडळ पैसे द्यायला कचरत होते, तेव्हा अ‍ॅलन म्हणाला की पाच हजार पौंड मी माझ्या खिशातून देतो. तो तरुण म्हणजे सिरिल रेजिस.

माझी निवड एक खेळाडू नाही, तीन आहेत, आणि धाग्याचा नियम मोडत असल्याची मला जाणीव आहे. फ्रेंच गयानात जन्मलेला रेजिस, लंडनमध्ये वाढलेला लॉरी कनिंगहॅम आणि ग्रेनेडात जन्मलेला ब्रेंडन बॅटसन या तिघांना वेगळे करणे मला जमत नाही. १९७८ मध्ये व्यवस्थापक रॉन अ‍ॅटकिन्सनने या तिघा कृष्णवर्णीय खेळाडूंना एकत्र खेळवले. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत असे दृश्य त्याआधी क्वचितच दिसे. प्रेक्षकांतून माकडांचे आवाज काढले जात, केळी फेकली जात, पत्रांतून धमक्या येत. १९८२ मध्ये रेजिसची इंग्लंडच्या संघात निवड झाली तेव्हा त्याला टपालाने बंदुकीची गोळी पाठवण्यात आली. ती त्याने जपून ठेवली.

३० डिसेंबर १९७८ चा मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा सामना जमला तर जरूर पाहा. अल्बियनने तो ओल्ड ट्रॅफर्डवर ५-३ असा जिंकला. ब्राउनचे दोन गोल, कँटेलो, कनिंगहॅम आणि रेजिस यांचा प्रत्येकी एक. कृष्णवर्णीय खेळाडूंकडे चेंडू गेला की होणारी हुर्यो तुम्हाला स्पष्ट ऐकू येईल, आणि समालोचक गेराल्ड सिनस्टाट त्याचा उघड उल्लेख करतानाही ऐकू येईल. या गोंगाटात कनिंगहॅम असा धावतो की पायाखाली चिखल आहे याचा विसर पडावा. कॉर्नर किक तो उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने मारायचा, हेही नीट पाहा. त्या हंगामात संघ लीगमध्ये तिसरा आला आणि युएफा चषकाच्या (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. १९७९ मध्ये कनिंगहॅम रेआल माद्रिदला गेला, तिथे खेळणारा तो पहिला इंग्लिश माणूस. बार्सिलोनाच्या मैदानावर यजमान प्रेक्षकांनी त्याच्या खेळाला टाळ्या वाजवल्या होत्या. १५ जुलै १९८९ रोजी माद्रिदजवळ मोटार अपघातात तो गेला. वय अवघे ३३.

आकडेमोड

मध्यरेषा, त्या सामन्यातले पहिले नाव ब्राउनचे आहे, हे आपल्याच प्रतिसादात आले आहे. तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता.

एक भर. त्याच संघात ब्रायन रॉबसनही होता. १९७६-७७ या एका हंगामात त्याचा पाय तीनदा मोडला आणि तीनदा तो परतला. १९८१ मध्ये तो १५ लाख पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला, मँचेस्टर युनायटेडकडे गेला. त्याचे मोठे पर्व तिकडे घडले म्हणून त्याला या यादीत वर ठेवता येत नाही, याचे वाईट वाटते.

निळापांढरा (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. तीन खेळाडूंचा पुतळा मी वेस्ट ब्रॉमविचच्या बाजारपेठेत पाहिला आहे. ग्रॅहम इबिसन यांनी घडवलेला हा ब्राँझचा पुतळा २०१९ मध्ये बसवण्यात आला, आणि आमच्याकडची पंजाबी, बांगलादेशी आणि कॅरेबियन कुटुंबे शनिवारी खरेदीच्या पिशव्या घेऊन त्याच्या बाजूने जातात. आज या गावात माझ्यासारखा माणूस गळ्यात निळापांढरा मफलर घालून निर्धास्तपणे मैदानावर जाऊ शकतो, त्यात त्या तिघांचा मोठा वाटा आहे. त्यामुळे मध्यरेषा यांनी नियम मोडला तरी माझी हरकत नाही.

आता माझे राहिलेले कारण सांगतो.

अ‍ॅस्टल हवेत उंच उडून काही क्षण तिथेच थांबल्यासारखा वाटे, असे त्याचा खेळ पाहिलेले लोक सांगतात. पण ती उडी सामन्यापुरती नव्हती. सरावात तेच, आठवड्याचे सहा दिवस तेच. खेळ सुटल्यावर त्याने खिडक्या पुसण्याचा धंदा केला, कारण त्या पिढीला फुटबॉलने पोटापुरतेच दिले होते. पन्नाशी ओलांडली आणि त्याची स्मृती जाऊ लागली. पुढे आपण कोण होतो, चषक कोणी जिंकला, यातले काहीच त्याला आठवेनासे झाले. १९ जानेवारी २००२ रोजी तो वारला, तेव्हा ५९ वर्षांचा होता. त्याच वर्षी झालेल्या चौकशीत मृत्यूचे कारण व्यवसायजन्य आजार असे नोंदवले गेले : वर्षानुवर्षे चेंडू डोक्याने मारल्यामुळे मेंदूला झालेली इजा. खाणीत फुफ्फुसे गेलेल्या कामगाराच्या बाबतीत वापरतात तोच शब्दप्रयोग एका फुटबॉलपटूच्या बाबतीत वापरला गेला. २०१४ मध्ये डॉ. विली स्टुअर्ट यांनी त्याच्या मेंदूची पुन्हा तपासणी केली तेव्हा बॉक्सिंग खेळणाऱ्यांत आढळणारा विकार त्यात सापडला.

एवढे होऊनही पुढे बरीच वर्षे संघटनांनी काही हालचाल केली नाही. अ‍ॅस्टलच्या पत्नीने आणि मुलींनी पाठपुरावा सोडला नाही. हॉथॉर्न्सवर सामन्याच्या नवव्या मिनिटाला, कारण त्याच्या पाठीवर ९ हा आकडा असे, प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ११ एप्रिल २०१५ रोजी लेस्टरविरुद्ध संघ १९६८ च्या अंतिम सामन्यातला पांढरा पोशाख घालून उतरला, आणि अ‍ॅस्टलच्या नावाने संस्था सुरू झाली. २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे साडेतीन पट निघाले. २०२० मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने प्राथमिक शाळेतल्या वयाच्या मुलांकडून सरावात हेडर, म्हणजे चेंडू डोक्याने मारणे, न करवण्याची सूचना दिली. २०२१ पासून व्यावसायिक खेळाडूंनाही सरावात आठवड्याला दहाच जोरदार हेडर सुचवलेले आहेत.

गोलांचा हिशेब ब्राउनच्या बाजूने आहे, चारित्र्याचा पेनिंग्टनच्या, आणि धैर्याचा त्या तिघांच्या. मी अ‍ॅस्टलला निवडतो, कारण त्याला सर्वांत मोठे यश ज्या गोष्टीने दिले, त्याच गोष्टीने त्याला नेले, आणि ते कळल्यामुळे आज सगळ्या देशातल्या मुलांचा खेळ बदलला आहे.

जुने_पान

मत बदलले असे म्हणणार नाही, परंतु हे वाचल्यावर पेनिंग्टनच्या शेजारी अ‍ॅस्टलला बसवायला मी तयार आहे. एक विचारतो : मुलांना हा बदल प्रत्यक्षात जाणवतो का? की सूचना कागदावरच राहिल्या?

निळापांढरा (धागाकर्ता)

जाणवतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, स्थानिक मुलांच्या संघात खेळतो. गेल्या रविवारी सराव चालू असताना बगलेवरून एक उंच चेंडू त्याच्याकडे आला. मैदान ओले, चेंडू चिखलाने माखलेला. त्याने उडी मारायला गुडघे वाकवले तोच प्रशिक्षिकेने शिट्टी वाजवली आणि हाताने छातीवर थाप मारून दाखवली. तो थांबला, एक पाऊल मागे गेला, चेंडू छातीवर घेतला आणि पायाशी सोडला. सदऱ्यावर मधोमध चिखलाचा गोल डाग उठला. घरी येताना गाडीत तो त्या डागाकडे बोट दाखवून आईला फोनवर तेच सांगत होता.

मध्यरेषा

त्याला आमच्या सर्वांकडून शाबासकी सांगा. पुढच्या वेळी त्याला घेऊन त्या फाटकापाशी गेलात, तर एक छायाचित्र इथे जरूर लावा.